तेलाची भट्टी पेटवताना

मी भित्रा माणूस आहे, हे मला कोलशेतला नोकरी लागल्यावर कळलं. तोवर तसं वाटायचं काही कारण नव्हतं. लहानपणी खाडीत पोहलो होतो, पावसाळ्यात विहिरीत उड्या मारल्या होत्या, कॉलेजात असताना मोर्चात लाठ्याही खाल्ल्या होत्या. भीती म्हणजे काय असते, हे ज्याला ती अजून भेटलेली नसते त्याला सांगून समजत नाही.

आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहायचो. वडील शाळामास्तर, आई, मी आणि नुकतीच लग्न होऊन आलेली माझी बायको. दोन खोल्या आणि मागे छोटं अंगण. मी डिप्लोमा केला होता आणि खाडीच्या अंगाला कोलशेतजवळ एक छोटं पॉवर हाऊस होतं, तिथे मला असिस्टंट इंजिनिअरची जागा मिळाली. पॉवर हाऊस म्हणजे काय, तर पत्र्याची एक उंच शेड, दोन बॉयलर, एक टर्बाइन, एक धुराडं आणि भोवती काटेरी तारेचं कुंपण. आजूबाजूच्या एक-दोन गिरण्या आमच्या विजेवर चालायच्या. ठाण्याच्या काही भागाला, तिथल्या पाण्याच्या पंपांना आणि एका इस्पितळालाही आमचीच वीज जायची. आमच्या गल्लीतले दिवेही त्याच तारेवर होते. आई शेजारणींना सांगायची, "आमच्या घरातला दिवा आमचा मुलगाच लावतो हो." मला ते ऐकून बरं वाटायचं.

मी लागलो तेव्हा बॉयलरमध्ये कोळसा जळत होता. पण कोळशाच्या वॅगन वेळेवर येईनात. कधी आठवडा आठवडा यायच्या नाहीत, कधी आल्या तर निम्म्या मातीने भरलेल्या. त्याच सुमारास मुंबईजवळ तेल शुद्ध करायचे मोठे कारखाने सुरू झाले होते आणि त्यांच्याकडे उरणारं जाड काळं तेल स्वस्तात मिळायला लागलं होतं. मालकांनी ठरवलं, आता भट्ट्या तेलावर चालवायच्या. कोळशाच्या जाळ्या काढल्या, भिंतीला भोकं पाडून बर्नर बसवले. आवारात तेलाची मोठी टाकी उभी राहिली. खाडीतून पडावावर, म्हणजे मोठ्या होडीतून, तेलाची पिंपं यायला लागली आणि राखेचे ढीग दिसेनासे झाले.

सगळे खूश होते. मीही होतो. कपडे काळे होत नाहीत म्हणून बायको खूश होती. ते तेल मात्र मला पहिल्यापासून आवडलं नाही. काकवीसारखं घट्ट. गार असताना पाइपातून सरकायचंही नाही, म्हणून आधी वाफेने तापवायचं आणि मग पंपाने दाबून बर्नरमधून त्याचा बारीक फवारा भट्टीत सोडायचा. फवारा पेटला की भट्टीत पिवळाजर्द जाळ उभा राहायचा आणि सगळी शेड गुरगुरायला लागायची. त्या जाळावर पाण्याची वाफ, वाफेवर टर्बाइन, टर्बाइनवर वीज. आमचं सगळं त्या एका जाळावर होतं.

कोळसा हळू पेटतो आणि हळू विझतो. तुम्ही चुकलात तर तो तुम्हाला वेळ देतो. तेल देत नाही. जाळ विझला आणि फवारा चालूच राहिला, तर ते तेल आतल्या लालभडक विटांवर पडतं, त्याची वाफ होते, भट्टी त्या वाफेने भरते, आणि मग ती वाफ एकदम पेटते. हे मला आमच्या हेडसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. हेडसाहेब म्हणजे पॉवर हाऊसचे प्रमुख. पन्नाशी उलटलेले, जाड चष्मा, बोलणं सावकाश.

"म्हणून पेटवायच्या आधी पंखा लावून भट्टीत भरपूर हवा मारायची," ते म्हणाले. "आतलं सगळं बाहेर जाईपर्यंत. तोवर मशाल हातात घ्यायची नाही. कंटाळा आला तरी नाही. कळलं?"

"कळलं."

"आणि भट्टीच्या दारासमोर कधी उभं राहायचं नाही. बाजूला."

मी मान डोलावली. त्या दिवशी घरी येईपर्यंत सायकलवर मी तेच घोकत होतो.

बर्नर सांभाळणारे फायरमन कोलशेत आणि आसपासच्या गावांतलेच होते. त्यांच्यातला एक माझ्याच वयाचा. त्याचे वडील मिठागरावर होते, तोही लहानपणापासून मिठागरावर राबलेला. अंगाने काटक, हसरा. ड्युटी संपली की तो खाडीवर जाळं टाकायला जायचा आणि कधीकधी माझ्यासाठी केळीच्या पानात कोळंबी बांधून आणायचा. माझ्या चेहऱ्यावरची भीती त्याने पहिल्या आठवड्यातच ओळखली.

"सायेब, भट्टी तुमाना खात नाय," तो हसत म्हणाला. "तुमी तिच्याकडं असं बघता, जसं काय वाघच बघताय."

"तुला भीती वाटत नाही?"

"मिठागरावर उनात उभं रव्हन बघा एकदा. मंग ही भट्टी सावली वाटंल."

मी हसलो, पण भीती गेली नाही. उलट वाढत गेली. तेल जळताना मधूनच भट्टीच्या पोटात धप्प असा आवाज व्हायचा. लोखंडी दार कडीत थडथडायचं आणि परत सगळं सुरळीत व्हायचं. बाकीचे वरही बघायचे नाहीत. मी मात्र दोन पावलं मागे सरायचो. रोज सकाळी सायकलवरून कोलशेतच्या रस्त्याला लागलो की मी आधी धुराडं शोधायचो. धूर नेहमीसारखा दिसला की श्वास सुटायचा. काळाकुट्ट दिसला की वाटायचं, आत जाळ नीट नाही. मग पॅडल मारायची इच्छाच राहायची नाही. घरी यातलं मी काहीच सांगितलं नव्हतं. आईला काय सांगणार, की तुझ्या घरातला दिवा लावताना तुझा मुलगा पळायची वाट शोधत असतो?

ती घटना घडली थंडीच्या दिवसांत, सकाळी. गिरण्यांचा पूर्ण भार आमच्यावर होता. दोनपैकी एकच बॉयलर चालू होता. दुसरा नुकताच साफ करून, पाणी भरून तयार ठेवला होता. मी वरच्या लोखंडी फळीवर उभा राहून बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी बघत होतो. खाली बर्नरपाशी तो माझ्या वयाचा फायरमन होता. आदल्या दिवशी टाकीत नवं तेल भरलं होतं. त्या तेलात पाणी मिसळलेलं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

आधी जाळाचा आवाज बदलला. गुरगुर तुटक झाली, फुरफुरायला लागली. मी खाली बघितलं. तो वाकून भट्टीच्या छोट्या काचेतून आत बघत होता.

"सायेब, काला झाला!" तो ओरडला. "जाल गेला!"

"कॉक बंद कर!" मी ओरडलो. पण त्याचा हात माझ्या ओरडण्याआधीच तेलाच्या कॉककडे गेला होता. त्याने तो फिरवायला सुरुवातही केली होती.

पुढचं मला आवाज म्हणून आठवत नाही. शेडचे पत्रे एकदम वर उचलल्यासारखे वाटले आणि मी फळीवर उताणा पडलो. कान बंद झाले. काजळी इतकी उडाली की काही दिसेना. मग त्या काळोखात खाली पिवळा उजेड दिसला. भट्टीचं दार बिजागरीतून निघून समोरच्या भिंतीपाशी पडलं होतं आणि त्या उघड्या तोंडातून तेल बाहेर फवारत जमिनीवर जळत होतं. कॉक अर्धाच बंद झाला होता.

मी उठलो नाही. उठता येत होतं. हातपाय शाबूत होते. पण मी फळीची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि ती सोडायला माझे हात तयार नव्हते. किती वेळ, ते सांगता येणार नाही. तेवढ्यात बॉयलरवरचा, जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला आणि वाफ अशी किंचाळत सुटली की बंद कानांनाही ऐकू आली. त्या किंचाळीने माझी पकड सुटली. मी शिडीवरून जवळजवळ घसरतच खाली आलो, भिंतीच्या कडेकडेने तेलाच्या पंपापर्यंत गेलो आणि तिथला मोठा कॉक फिरवला. फवारा थांबला. बाहेरून माणसं वाळूच्या बादल्या घेऊन धावत आली.

हळूहळू टर्बाइनचा आवाज उतरत गेला. पॉवर हाऊसमध्ये तो आवाज कायम कानात असतो, इतका की तो आहे हे आपण विसरून जातो. तो थांबला तेव्हा खाडीवरच्या पक्ष्यांचा कलकलाट ऐकू आला. मला त्या शांततेचीच जास्त भीती वाटली.

तो दारापासून थोडा बाजूला पडला होता. चेहरा, छाती आणि दोन्ही हात भाजले होते. त्याचं वर्णन मी करणार नाही. आम्ही त्याला पोत्यांवर घातलं, कंपनीच्या लॉरीत चढवलं. मी त्याच्या डोक्याशी बसलो. रस्ता खडबडीत होता. प्रत्येक खड्ड्याला त्याच्या तोंडून बारीक आवाज यायचा. एकदा त्याने डोळे किलकिले केले.

"सायेब, कॉक बंद झाला ना?"

"झाला. तू बोलू नकोस."

"आरधा फिरवलेला मी," तो म्हणाला. "आरधाच."

इस्पितळात त्याला आत नेलं. मी बाहेर बाकावर बसलो. माझ्या कपड्यांवर काजळी होती आणि भुवया जळल्या होत्या, हे मला एका नर्सने सांगितलं तेव्हा समजलं. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. तरुणच होते, माझ्याहून फार मोठे नसतील.

"तुम्ही पॉवर हाऊसचे ना?"

"हो."

"लाइट कधी येणार?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. मग समजलं. आमचं पॉवर हाऊस बंद म्हणजे इथला पंपही बंद.

"भाजलेल्या माणसाला सगळ्यात आधी स्वच्छ पाणी लागतं," डॉक्टर म्हणाले. "गच्चीवरची टाकी निम्म्याखाली आली आहे. उपकरणं उकळायची यंत्रं विजेवर आहेत. मी आत्ता स्टोव्हवर भागवतोय. विहिरीचं पाणी आणायला माणसं लावली आहेत. पण इथे हा एकटाच पेशंट नाही. बाळंतिणी आहेत, ऑपरेशन झालेली माणसं आहेत. संध्याकाळपर्यंत ढकलेन. पुढे अवघड आहे."

"तो वाचेल का?"

"आज सांगता येणार नाही. पण पाणी लागेल."

मी उठलो तेव्हा त्याची बायको दारातून आत येत होती. गावातून कुणीतरी तिला सायकलवर बसवून आणलं होतं. कडेवर वर्षाची मुलगी. मला बघून ती थेट समोर आली.

"मना खरं सांगा. जीव हाय ना त्यात?"

"आहे. माझ्याशी बोलला वाटेत."

"काय बोलला?"

मला ते सांगवेना. "तुम्हाला बोलावतोय," मी खोटंच म्हणालो. ती आत गेली. मी लॉरीत बसलो आणि कोलशेतला परत निघालो. वाटेत माझ्या मनात एकच गोष्ट होती. आता दुसरा बॉयलर पेटवावा लागणार. त्याच टाकीतल्या तेलावर.

पॉवर हाऊसच्या आवारात फायरमन शेडच्या बाहेर कुंपणाला टेकून उभे होते. हेडसाहेब त्यांच्याशी बोलत होते. मी पोचलो तेव्हा त्यांच्यातला वयाने मोठा माणूस म्हणत होता, "सायेब, नोकरीवरनं काढा. पन आज आमचा हात लागणार नाय."

"मी काढणार नाही," हेडसाहेब म्हणाले. "तुमचं बरोबर आहे. मी सांगणार नाही तुम्हाला." मग माझ्याकडे वळले. "कसा आहे?"

मी डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. चष्म्याखाली डोळे लाल झाले होते आणि सारखे पाणावत होते. स्फोटानंतर ते लगेच आत शिरले होते, काजळीने त्यांचे डोळे भरले होते.

"मी पेटवतो," ते म्हणाले. "तू वर पाण्याच्या नळीवर लक्ष ठेव."

मी वरच्या फळीकडे पाहिलं. ती मी सकाळी ज्या फळीवर पडलो होतो तशीच होती, फक्त दुसऱ्या बॉयलरची. तिथे उभं राहून, भट्टीच्या आत काय चाललंय ते न दिसता वाट बघत राहायचं. ते मला शक्यच नव्हतं.

"मी पेटवतो," मी म्हणालो.

नंतर लोकांनी याला धाडस म्हटलं. धाडस नव्हतं. दोन भीतींपैकी जी कमी वाटली ती मी निवडली. आणि हेडसाहेबांना त्या डोळ्यांनी भट्टीतला जाळ दिसला नसता, हेही होतंच.

आधी टाकीच्या तळाचा नळ उघडला. पाणी यायला लागलं. गढूळ, तेलाचे तवंग असलेलं पाणी. बादल्यांमागून बादल्या. फायरमन आता जवळ येऊन बघत होते. त्यांच्यातल्या एकाने मुठीने डोकं बडवून घेतलं. "ह्यानंच घात केला," तो म्हणाला, आणि पुढची बादली स्वतः उचलली. मग बाकीचेही कामाला लागले. भट्टीपाशी कुणी आलं नाही, पण बाहेरची सगळी कामं त्यांनी केली. शेवटी नळातून सलग काळं तेल यायला लागलं तेव्हा हेडसाहेबांनी तो बंद करायला सांगितला. तरीही थोडं पाणी आत राहिलंच असणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. 

पंखा आणि तेलाचा पंप चालवायलाही वीज लागते. त्यासाठी आमच्याकडे छोटं डिझेल इंजिन होतं. ते फट फट करत सुरू झालं. लाकडं पेटवून तेल तापवलं. आणि मग पंखा लागला. भट्टीत हवा मारायला सुरुवात झाली.

मी भट्टीच्या दाराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. हातात मशाल होती, म्हणजे लोखंडी सळई, टोकाला रॉकेलमध्ये बुडवलेल्या चिंध्या. तोंडात थुंकी उरली नव्हती. मी एक पाय भिंतीला दाबून ठेवला होता. लघवीला लागली होती. मला वाटलं, पंखा बंद करायला सांगावं आणि आधी जाऊन यावं. पण एकदा बाहेर गेलो असतो तर परत आत आलो नसतो.

हेडसाहेब पलीकडच्या बाजूला कॉकवर हात ठेवून उभे होते. ते बोलायला लागले. भट्टीबद्दल एक शब्द नाही.

"खडवलीला माझी सासुरवाडी आहे, माहीत आहे ना तुला? नदीकाठी सासऱ्यांची थोडी जमीन आहे. ते वांगी लावतात. जांभळी, गोल, लहान. तशी वांगी ठाण्यात मिळत नाहीत."

"नाही?" मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला.

"नाहीच. बाजारात येतात ती फुगलेली. भरली वांगी करायची तर देठासकट लहान पाहिजेत. तुझी बायको करते का?"

"करते."

"दाण्याचं कूट घालते की खोबरं?"

मला आठवेना. कितीही आठवलं तरी माझ्या घरी भरल्या वांग्यांत काय घालतात ते मला आठवेना. "कूट," मी ठोकून दिलं.

"बरोबर. खोबरं घालणाऱ्यांशी माझं जमत नाही," ते म्हणाले. मग पंख्याचा आवाज ऐकत थोडं थांबले. "पेटव आता मशाल."

मी काडी ओढली. पहिली विझली. दुसरीने चिंध्या पेटल्या. भट्टीच्या भिंतीतल्या छोट्या भोकातून मी मशाल आत सारली, अंग बाहेर ठेवून, हात लांब करून. "सोडा," मी म्हणालो. हेडसाहेबांनी कॉक उघडला. फुस्स आवाज आला, आत एक तांबडी जीभ दिसली आणि विझली.

"बंद!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो. त्यांनी कॉक फिरवला. मी मशाल बाहेर ओढली आणि वाळूत खुपसली. आणि मी जमिनीवर बसलो. सकाळचा आवाज आता येणार म्हणून मी कानांवर हात घेतले होते. आवाज आला नाही.

"परत हवा मारायची," हेडसाहेब म्हणाले. "पहिल्यापासून."

ते दुसऱ्यांदा थांबणं पहिल्यापेक्षा वाईट होतं. पहिल्या वेळी काय होऊ शकतं याची नुसती कल्पना होती. आता तेलात अजूनही पाणी आहे हे डोळ्यांनी दिसलं होतं. हेडसाहेबही यावेळी वांग्यांबद्दल बोलले नाहीत. ते ओठ हलवत होते, पण ते मला ऐकू येऊ नये असंच असावं. मी डोळे मिटून लॉरीतला तो आवाज ऐकत होतो, प्रत्येक खड्ड्याचा. पळून जायचा विचार माझ्या मनात आला. आला आणि टिकला. मी दाराकडे बघितलं. शेडचं दार उघडं होतं, बाहेर ऊन होतं, फायरमन कुंपणापाशी उभे राहून आत बघत होते. त्यांच्या समोरून पळत जाणं, एवढंच मला जमलं नसतं.

"पेटव."

दुसऱ्यांदा मी मशाल आत घातली. फवारा सुटला, थुंकल्यासारखा झाला, आणि मग पेटला. पिवळा जाळ मागच्या भिंतीपर्यंत गेला. शेड गुरगुरायला लागली. "रंग?" हेडसाहेबांनी विचारलं, आणि मी काचेतून बघून म्हणालो, "चांगला आहे." मी शेडबाहेर गेलो, कुंपणामागे जाऊन लघवी केली आणि तिथेच ओकलो.

गार बॉयलरमध्ये वाफ धरायला वेळ लागतो. घाईने तापवला तर तो फाटतो. सबंध दुपार आम्ही त्या जाळाजवळ होतो. मधूनच फुरफुर व्हायची आणि हेडसाहेबांचा हात कॉकवर जायचा. दिवेलागणीच्या सुमारास टर्बाइन फिरायला लागलं आणि तारांतून वीज ठाण्याकडे सुटली. कुणी आनंदाने ओरडलं नाही. ज्याने सकाळी हात लावायला नकार दिला होता, तो मोठा फायरमन माझ्याजवळ आला, म्हणाला, "जा तुमी आता घरी," आणि बर्नरपाशी माझ्या जागेवर उभा राहिला.

मी घरी न जाता इस्पितळात गेलो. व्हरांड्यात दिवे लागले होते. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती, मुलगी मांडीवर झोपली होती.

"पाणी आलं," ती म्हणाली. "डाक्टरनी धुवून बांदलंय सगलं. मना हात लावून देत नाय."

तो जगला. पुढचे काही महिने तो इस्पितळातच होता. मी जमेल तेव्हा जायचो. चेहरा बरा झाला, पण उजव्या हाताची बोटं आखडून एकमेकांना चिकटल्यासारखी झाली. जाळं फेकता येणार नाही, हे त्याला सगळ्यात जास्त लागलं. एकदा त्याने मला विचारलं, "त्याच दिवशी पेटवली तुमी? माझ्या मागून?"

"हो."

त्याने आखडलेली बोटं चादरीखाली घेतली. "मी नसती पेटवली," तो म्हणाला.

माझी स्थिती मात्र त्या दिवसानंतर बिघडत गेली. त्या दिवशी भीतीला काम होतं, म्हणून ती ताब्यात राहिली. नंतर ती सुटली. आमच्या घरी पितळी स्टोव्ह होता. बायको सकाळी चहासाठी तो पेटवायची. आधी वाटीत रॉकेल जाळून तो तापवायची, मग पंप मारायची, मग भसकन निळा जाळ. मी ते बघू शकेना. ती काडी ओढायच्या आत मी अंगणात जायचो. आधी तिला वाटलं मला सकाळी मोकळी हवा लागते. एके दिवशी स्टोव्ह भडकला, तसा कधीकधी भडकतोच, आणि मी तिचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. तिच्या हातातली काडेपेटी खाली पडली. दंडावर माझी बोटं उमटली.

"अहो, काय झालं तुम्हाला?"

मग मी तिला सगळं सांगितलं. त्या दिवसाबद्दल घरी एवढंच माहीत होतं की अपघात झाला आणि मला काही लागलं नाही. अंगणात उभं राहून मी तिला फळीची कड सांगितली, मशाल सांगितली, ओकलो तेही सांगितलं.  दुसऱ्या दिवशीपासून घरात कोळशाची शेगडी आली. आईने विचारलं तर म्हणाली, "स्टोव्हवरच्या भाकरीला रॉकेलचा वास येतो हो, मला नाही आवडत." आई पुटपुटली, पण तिने ते चालवून घेतलं. चहाला उशीर व्हायला लागला. त्याबद्दल घरात कुणी तक्रार केली नाही.

नोकरी सोडावी असं बायको कधी म्हणाली नाही आणि मीही सोडली नाही. भट्टीपाशी रोज उभा राहिलो. रोज भीती वाटली. तेल भरताना टाकीचा तळ तपासायचा हा नियम आम्ही कडक केला आणि माझ्या तपासण्याची सगळे थट्टा करायचे, कारण मी एकदा तपासून झाल्यावर परत तपासायचो.

तो बरा झाल्यावर त्याला भट्टीवर परत पाठवायचा प्रश्नच नव्हता. मालकांनी त्याला फाटकावर वॉचमन म्हणून ठेवलं. तिथे एक स्टूल होतं. वॉचमनने रस्त्याकडे तोंड करून बसायचं असतं, येणारा-जाणारा दिसावा म्हणून. हा शेडकडे तोंड करून बसायचा. त्याबद्दल त्याला दोनदा बोलणी बसली. मी एकदा त्याला हळूच म्हणालो, "अरे, निदान साहेब लोक येतात तेव्हा तरी वळून बस."

"पाठ करून बसवत नाय, सायेब," तो म्हणाला. "पाठीमागं काय चाललंय ते कलत नाय. मंग घाम फुटतो."

त्या दिवशी मला प्रथमच हलकं वाटलं. भट्टीला सावली म्हणणारा हा माणूस आणि मी, आता सारखेच झालो होतो. मी त्याच्याजवळ उभा राहिलो आणि आम्ही दोघं शेडकडे बघत बिड्या ओढल्या. फाटकातून कोण गेलं, कोण आलं, आम्हाला पत्ता नव्हता.

काही वर्षांनी घाटाकडून मोठ्या तारा आल्या. धरणांच्या पाण्यावर तयार झालेली वीज त्यांतून ठाण्यापर्यंत पोचली आणि आमच्या तेलाच्या विजेची गरज कमी होत गेली. आधी एक बॉयलर बंद झाला, मग दुसरा फक्त अडीनडीला ठेवला. कल्याणच्या सबस्टेशनात माणसं हवी होती. मला विचारलं तेव्हा साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणालो. मी आणि बायकोने बिऱ्हाड डोंबिवलीला हलवलं, आईवडील नौपाड्यातच राहिले. सबस्टेशनात जाळ नव्हता. मोठ्या ट्रान्सफॉर्मरचा एकसारखा घुमारा असायचा आणि माझ्यासमोर फक्त काटे आणि बटणं. विजेचीही भीती बाळगावीच लागते, पण ती भीती मला शहाण्यासारखं वागवायची.

त्यानेही फाटक सोडलं. भावाच्या होडीत भागी घातली आणि बायकोबरोबर मासे विकायला बसायला लागला. जाळं भाऊ टाकायचा, हा सुकाणू धरायचा. डाव्या हाताने.

आणखी काही वर्षांनी ठाण्याला वडिलांकडे गेलो होतो तेव्हा तो बाजारात दिसला. संध्याकाळ होती, गर्दी होती. त्याची बायको टोपलीमागे बसली होती, मुलगी आता तिच्या शेजारी बसून फळीवरची खवलं साफ करत होती. मला बघून तो उठला आणि आखडलेल्या हाताने माझा दंड धरला. कोळंबी घ्यायलाच लावली. आम्ही होडीबद्दल बोललो, माझ्या मुलांबद्दल बोललो. पॉवर हाऊसचं नाव दोघांनीही काढलं नाही.

तेवढ्यात बाजारातले दिवे गेले. रस्ताभर ओरडा झाला, कुणीतरी शिट्टी वाजवली. मी आणि तो एकदम वळलो, दोघंही एकाच बाजूला, खाडीकडे. तिथे काळोखाशिवाय काही नव्हतं. धुराडं कधीच थंड झालं होतं.

"कल्यानचीच गेली असंल," तो म्हणाला. "तुमचीच."

"आमचीच," मी म्हणालो.

त्याची बायको अंधारात हसली आणि तिने काडी ओढून टोपलीपाशी रॉकेलची चिमणी लावली. मला ती काडी दिसली. मी मागे सरलो नाही, पण श्वास धरून ठेवला होता, आणि शेजारी तोही चिमणीकडे तोंड करून उभा होता.